अंगणापलीकडची झाडी

आंबाझिरा, ता. अक्राणी
९ फेब्रुवारी २०२५

प्रिय हेमराजदादा,

आशाचा नमस्कार. संध्यावहिनीलाही सांग, आणि दामिनीचा माझ्या वतीने एक पापा घे. इकडे सगळं ठीक आहे. तिकडे ऊन लवकर चढतं, तेव्हा तुम्हीही जपून राहा.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण रेंज फक्त देवाच्या टेकडीवर येते हे तुला माहीत आहे, आणि संध्याकाळी तिथे निम्मं गाव कानाला फोन लावून उभं असतं. एका बाजूला कालीबाई तिच्या सुरतच्या जावयाशी भांडत असते, दुसऱ्या बाजूला कुणी शेळीचा भाव विचारत असतो. त्यांच्यामध्ये उभं राहून घरातलं काय बोलणार? परवा तू विचारत होतास आणि मी नुसतं 'हो, हो, बरं आहे' म्हणत होते. ते तुला आवडलं नाही, आवाजावरून कळलं. म्हणून लिहायला बसले. धुडकू शुक्रवारी जीप घेऊन धडगावला जातो, तो पोस्टात टाकेल.

आधी 'तीर्थरूप बाबा' आणि 'ते म्हणाले' असं शाळेत शिकवलं तसं लिहून बघितलं. बाबा एकदम तलाठ्यासारखा वाटायला लागला. कागद फाडला. आता घरात बोलतो तसंच लिहिते.

जानेवारीत तू बाबाला दवाखान्यातून घरी सोडायला आलास तेव्हा दरी थोडी हिरवी होती. आता सागाने पानं टाकलीत. एवढी मोठमोठी पानं, त्यावरून चाललं की पापड मोडल्यासारखा आवाज येतो. कुणी कितीही हळू चालो, लपून येणं शक्य नाही. नाल्याचं पाणी खालच्या डोहापर्यंत मागे सरलंय. डोहावर दुपारी खंड्या बसतो, आणि सकाळी ओल्या वाळूत रात्री कोण कोण येऊन गेलं ते सगळं दिसतं. भेकर, सायाळ, रानडुकरं. एकदा बिबट्याही. त्याच्या पावलांवरून नंतर कोंबड्या फिरून गेल्या होत्या, म्हणजे त्यालाही आता कोणी विचारत नाही.

पळसाच्या कळ्या अजून काळ्या आहेत, पण सावर फुलली. नाल्याच्या वळणावरची ती उंच काटेसावर आठवते ना, जिच्यावर चढताना तुझी चड्डी फाटली होती? तिच्यावर एकही पान नाही, नुसती लाल फुलं, आणि त्यात भोरड्यांचा थवा. एवढा कलकलाट की अंगणवाडीत मला पोरांची गाणी मोठ्याने म्हणून घ्यावी लागतात. रानपिंगळाही आलाय. दुसरी घुबडं दिवसा तोंड लपवतात, आणि हा भरउन्हात उघड्या फांदीवर बसतो, शेपटी हलवतो आणि खाली बघतो. जसं काही आपणच त्याच्या घरात भाड्याने राहतोय.

वन खात्याने आपल्या वाटेवर एक पाटी लावली आहे. 'अस्वलाचा वावर. सावध राहा.' खाली अस्वलाचं चित्र आहे, ते कुत्र्यासारखं दिसतं. पोरं पाटीजवळ थांबून भुंकतात आणि मग शाळेत जातात.

वहिनीने मागे विचारलं होतं की त्या दिवशी नेमकं काय झालं. दवाखान्याच्या धावपळीत तिला कोणी नीट सांगितलंच नाही. तिथे पहिली मी पोचले होते, म्हणून तिच्यासाठी लिहिते. डिसेंबरातली सकाळ होती. बाबा नाल्याकाठी गवत कापायला गेला. तिथल्या बोरींखाली बोरांचा सडा पडला होता. बोरींच्या पलीकडे मोठं वारूळ आहे, आणि वारुळामागे अस्वलीण पिल्लाबरोबर बोरं खात होती. वारा तिच्याकडून बाबाकडे येत होता. तिला त्याचा वास आला नाही, आणि विळ्याच्या आवाजात त्याला तिची चाहूल लागली नाही. वारुळाला वळसा घातला आणि दोघं समोरासमोर. मी वरच्या शेतात होते. आधी तिचा आवाज ऐकला, मग त्याचा. पळत गेले तेव्हा ती पिल्लाला घेऊन निघून गेली होती आणि बाबा पालथा पडला होता, दोन्ही हात मानेवर. डावा डोळा तिथेच गेला होता. गालाचं तुम्ही पाहिलंच आहे.

गाल आता भरलाय. टाके दिसतात, पण बाबा जेवतो, भाकरी दुधात भिजवून. पावा मात्र त्याला वाजवता येत नाही, ओठ एका बाजूला मिटत नाही.

बाबा रानात जातो का, असं तू विचारलंस. अजून थंडी आहे. घरामागची करवंदीची जाळी आणि अंगणाकडेची बोर त्याने तोडून टाकली, साप येतात म्हणून. अंगण बरंच मोठं झालंय. आई त्यात मिरच्या वाळवते.

आई-बाबांनी लोणखेड्याला तुमच्याकडे यावं हे तू म्हणालास, ते लक्षात आहे. मी त्याला विचारते. घाई करू नकोस.

तुझी बहीण,
आशा


आंबाझिरा
२० मार्च २०२५

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. एवढ्या मोठ्या पत्राला दोन ओळींचं उत्तर. 'पक्ष्यांबद्दल वाचलं. आता बाबाबद्दल लिही.'

बरं, लिहिते. पण आधी होळीचं सांगू दे, कारण बाबाचं त्यातूनच निघतं.

पळस यंदा उशिरा फुलला, पण फुलला तो एकदम. टेकडीवरून बघितलं तर सगळी दरी पानांशिवाय करडी, आणि मध्येमध्ये केशरी ठिपके, कोणी चुली पेटवून विसरून गेल्यासारखे. मोहाची पानंही गळाली, टोकांना कळ्यांचे घोस आलेत. तांबट दिवसभर टुक्‌ टुक्‌ करतो. होळीच्या आधीच्या बाजारात इतकी गर्दी होती की धुडकूच्या जीपच्या टपावर तीन जण ढोल घेऊन बसले होते. होळीला वरच्या पाड्यावर रात्रभर नाच झाला, मोरपिसांचे टोप घातलेले, कमरेला घुंगरं बांधलेले सगळे आले होते. ढोलाचा आवाज दरीत घुमत खालपर्यंत येत होता.

बाबा गेला नाही. बोलवायला माणसं आली, त्यांना म्हणाला गुडघा दुखतो. ती माणसं गुडघ्याकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघून परत गेली.

दादा, त्याचा गुडघा दुखत नाही. घरी आल्यापासून तो अंगणाबाहेर गेलेला नाही. एकदाही नाही. खाट त्याने भिंतीला लावून घेतली आहे, पाठ भिंतीला टेकवून बसतो, तोंड झाडीकडे. करवंदीची जाळी सापांसाठी तोडली नाही. जिच्यामागे काही लपू शकेल अशी एकही वस्तू त्याला जवळ नको आहे. बोरीनंतर आईने लावलेला वेलही काढायला निघाला होता, आई कुऱ्हाडीसमोर उभी राहिली. वाळक्या पानावर सरडा धावला तरी तो दचकतो आणि मला विचारतो, "काय वाजलं?" मी सांगते, सरडा. मी सांगते, सातभाई पानं उलटतायत. मी सांगते, ती हळद्याची शीळ आहे. ही सगळी नावं मला त्यानेच शिकवली, खांद्यावर बसवून. आता मी सांगते आणि तो "खरं?" विचारतो.

हा तोच बाबा, जो वणव्याच्या दिवसांत वन खात्याच्या कामावर एकटा जाळरेषेवर, आग अडवायला गवत साफ केलेल्या पट्ट्यावर, राहायचा. आपण भाकरी घेऊन जायचो तर हा झाडाखाली आरामात झोपलेला असायचा आणि वानरं त्याच्या डोक्यावर.

मागच्या महिन्यात, तुला पत्र टाकल्यावर आठवड्याभराने, मी त्याला विचारलं. (हे सगळं आपल्या भाषेत झालं. मराठीत लिहिलं की थोडं सभ्य होतं.)

"दादा म्हणतो, लोणखेड्याला येऊन राहा. येशील?"

मला वाटलं होतं तो हसेल. नाहीतर मला शिवी देईल. तो म्हणाला, "तिथे झाडी नाही ना?"

मी म्हटलं, "नाही. कॉलेजच्या भिंतीला लागून अशोकाची झाडं आहेत. पुढे केळीचे मळे."

"केळीचे मळे? दाट असतात?"

"दाट असतात. पण दादाची खोली वरच्या मजल्यावर आहे."

तो मग म्हणाला, "मग बरं. लिही त्याला, येतो म्हणावं."

हे तुला लिहायला मला इतके दिवस लागले. फोनवर तू दोनदा विचारलंस आणि दोन्ही वेळा मी म्हटलं की विषय निघाला नाही. तुला कळलं की तू लगेच गाडी घेऊन येशील, हे मला माहीत आहे. त्यात तुझं काही चूक नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही आले असते. पण त्याला गाडीत बसवून न्यायचं म्हणजे काय न्यायचं, हे मला कळत नव्हतं. आपला बाबा आणि ही दरी मी कधी वेगळी बघितलेली नाही. झाडी नाही म्हणून ज्याला बरं वाटतं तो माणूस कोण आहे, हे मला आधी समजून घ्यायचं होतं.

आणि आईचं आहेच. बाबा 'येतो' म्हणाला तेव्हा ती तिथेच बसून सुपात नागली पाखडत होती. तिचा हात थांबला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी डोहावर धुणं घेऊन गेलो तेव्हा ती म्हणाली, "सगळ्यांनी सगळ्यांना विचारलं. मला कोणी विचारलं?"

"मी विचारते. येशील लोणखेड्याला?"

"नाही."

एवढंच. मग चादर पिळता पिळता म्हणाली, "पण त्याला सांगू नकोस. मी येत नाही कळलं तर तो हट्टाने इथेच राहील, आणि भीत भीत मरेल. त्याला जाऊ दे."

"आणि तू?"

"माझं काय? मोह पडायला लागतील आता."

आता तुझ्यापाशी दोन गोष्टी आल्या, दोन्ही एकमेकींच्या उलट. मी मध्ये आहे आणि मला बाजू घेता येत नाही. तिथे त्याला शांत झोप लागेल असं वाटतं, आणि लगेच वाटतं की तो गेला तर हळद्या बोलला हे मी कोणाला सांगायचं.

तू ये, पण मोह संपू दे. एवढं माझं ऐक. आईला हे दिवस तरी तिच्या मनासारखे मिळू देत.

तुझी,
आशा

ता.क. दामिनीने काढलेलं मोराचं चित्र मिळालं. बाबाने ते खाटेच्या वर लावलं आहे. म्हणाला, हा मोर चांगला आहे, याच्यामागे गवत नाही.


आंबाझिरा
१७ एप्रिल २०२५

प्रिय दादा,

तू अक्षय तृतीयेला गाडी ठरवली आहेस हे धुडकूकडून कळलं. हे पत्र त्याआधी पोचावं म्हणून धुडकूला पोस्टात टाकू नको, थेट शहादा-लोणखेड्याला जाणाऱ्या कुणाच्या तरी हातात दे असं सांगितलं आहे. उभ्याने वाचू नकोस. बसून, वहिनीला जवळ घेऊन वाच. घाबरण्यासारखं काही नाही.

मोह यंदा भरपूर पडला. पहाटे झाडाखाली उभं राहिलं की टप्‌ टप्‌ ऐकू येतं, आणि उजाडलं की जमीन फिकट पिवळी झालेली. गावभर गोड आंबूस वास आहे. सगळ्यांच्या अंगणात फुलं वाळत पडलीत, शेळ्यांना हाकलून हाकलून पोरांचे आवाज बसलेत. फुलं गोळा करायला आपल्याआधी येणारी मंडळीही आहेत. वानरं, भेकरं, साळुंक्या. आणि अस्वलं. त्यांना मोह आपल्यापेक्षा जास्त आवडतो.

त्यामुळे आईने नवीन पद्धत काढली. तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा कमरेला बांधून न्यायचा आणि फुलं वेचता वेचता मधूनमधून काठीने वाजवायचा. अस्वलाला आवाज आला की ते स्वतःच वाट बदलतं, त्यालाही माणूस नको असतो. आपली मोहाची झाडं नाल्यापलीकडे, घरापासून दिसत नाहीत, पण डबा घरापर्यंत ऐकू येतो. आई पहाटे निघाली की बाबा भिंतीला पाठ लावून बसायचा आणि डबा ऐकत राहायचा. चहा दिला तरी प्यायचा नाही. डबा वाजला की एक घोट, पुन्हा वाजला की पुढचा घोट. असा त्याचा चहा तासभर चालायचा.

गेल्या गुरुवारची गोष्ट. आईबरोबर रोज कालीबाई असते, पण ती त्या दिवशी लेकीकडे गेली होती. आई एकटी गेली. मी अंगणवाडीची किल्ली घेऊन निघत होते तेव्हा बाबा खाटेवरून उठून उभा होता.

"डबा थांबला," तो म्हणाला.

"दमली असेल. बसली असेल."

"डबा थांबला, आशा."

ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं. तांबट चालूच होता, कुठेतरी सातभाई कचकच करत होते. बाकी काही नाही. मी म्हटलं, थांब, मी बघून येते. त्याने कोपऱ्यातली काठी घेतली आणि अंगणाच्या कडेला आला, जिथे पूर्वी बोर होती तिथे. तिथे त्याचे पाय थांबले. मला वाटलं आता हा परत फिरेल, आणि फिरला तरी मी कधी कोणाला सांगणार नाही, असं मनात ठरवलं.

तो म्हणाला, "डाव्या बाजूला चाल. तिकडचं मला दिसत नाही."

मी डाव्या बाजूला झाले. त्याने माझा खांदा पकडला, आणि आम्ही निघालो.

त्या वाटेवर मी रोज जाते, पण त्या दिवशी ती मला पहिल्यांदा दाट वाटली. करवंदीत चिमणी उडाली तरी त्याची बोटं माझ्या खांद्यात रुतायची. अजून निळे डाग आहेत. घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. पण थांबला नाही. थोडं उतरल्यावर तो ओरडायला लागला. "रूपली! ए रूपली!" दादा, मी जन्मात त्याच्या तोंडून आईचं नाव ऐकलं नव्हतं. तूही ऐकलं नसशील. फाटलेल्या ओठातून ते नाव नीट निघत नव्हतं, अर्धं हवेत जात होतं, तरी तो हाका मारत राहिला.

उत्तर आलं नाही. नाल्यात उतरलो तेव्हा ती दिसली. पहिल्या मोहाच्या अलीकडे, मोठ्या दगडावर बसलेली, फुलांची टोपली मांडीवर. तिने आम्हाला बघितलं आणि तोंडावर बोट ठेवलं. मग त्याच बोटाने पलीकडे दाखवलं.

पलीकडच्या काठावर, दुसऱ्या मोहाखाली अस्वलीण होती. पाठीवर पिल्लू. छोटं, नवीन, आईच्या केसांत मुठी खुपसून बसलेलं. ती खाली मान घालून फुलं ओढून घेत होती, तो फुर्र फुर्र आवाज इकडे स्पष्ट ऐकू येत होता, चहा बशीतून पिताना येतो तसा. मध्ये नाला, थोडं पाणी, दगड. वारा तिच्याकडून आमच्याकडे होता. बाबाच्या हाका तिने ऐकल्या असणार, पण त्या दरीत घुमतात, कुठून येतात ते कळत नाही. ती मधूनच मान वर करायची आणि पुन्हा खायला लागायची.

मला बाबाला धरून मागे न्यायचं होतं. पण तो हलेना. मी त्याच्याकडे बघितलं. तोंड उघडं, उजव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि तो बघत होता. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. पिल्लू एकदा घसरलं, तिने मागे मान वळवून त्याला नाकाने वर ढकललं. मग तिने पोट भरल्यासारखा एक सुस्कारा टाकला आणि चढावर निघाली. सागाच्या पानांवरून तिची पावलं बराच वेळ वाजत राहिली, मग नाही.

बाबा खाली बसला, वाळूतच. त्याला उलटी झाली. मी पाणी आणून दिलं.

"तीच होती का?" मी विचारलं.

"असेल. नसेलही. त्या दिवशीचं पिल्लू मोठं होतं." तोंड पुसून तो म्हणाला, "त्या दिवशी मला फक्त दात दिसले. अस्वल असं पूर्ण दिसलंच नव्हतं."

आईचा पाय दगडांत मुरगळला होता. पडली तेव्हा दोरी तुटून डबा डोहात गेला. ओरडावं तर समोर ती पिल्लावाली, आणि आईला उठून पळता येत नव्हतं, म्हणून ती गप्प बसून राहिली. टोपलीतलं एक फूलही सांडू दिलं नव्हतं. मी पाय बघत होते तेव्हा ती बाबाला म्हणाली, "गावभर नाव घेतलंस माझं."

"मग काय घेणार होतो?" तो म्हणाला.

दोघांनी मिळून तिला वर आणलं. एका बाजूला मी, एका बाजूला तो. चढावर तिघंही चार-पाच वेळा बसलो. आईचा पाय आता उतरलाय. मोडलेला नाही, डॉक्टरने बघितलं.

त्या संध्याकाळी ती खाटेवर, तो जमिनीवर, आणि मी चुलीपाशी. तिने स्वतःहून सांगितलं.

"मी लोणखेड्याला येणार नाही. तू जा."

बाबा मग म्हणाला, "आधी का नाही बोललीस?"

"तू भीत होतास. भ्यालेल्या माणसाला अडवू नये."

"मी अजून भितो."

"मग भी," आई म्हणाली. "इथे बसून भी. माझ्यासमोर भी. मी काय नाही म्हणते?"

बाबा हसला. दादा, गाल फाटल्यापासून तो हसत नव्हता, वाकडं दिसतं म्हणून. वाकडंच दिसलं. आईपण हसली.

आता सगळं पूर्वीसारखं झालं असं मी लिहिणार नाही, तूही तसं धरून चालू नकोस. आई दोन-तीन दिवस घरी होती, तेव्हा मोह वेचायला मी आणि बाबा गेलो. त्याने नवीन डबा घेतला आणि इतका वाजवला की कालीबाई म्हणाली, तुमच्याकडे लग्न आहे का. काल सकाळी मात्र अंगणाच्या कडेपर्यंत आला आणि परत फिरला. म्हणाला, आज नको. आम्ही दोघी गेलो. त्याने चहा केला होता आम्ही येईपर्यंत. आज पुन्हा आला. असं चाललंय. पहिल्या मोहापर्यंत येतो, त्याच्या पुढे नाही. रानपिंगळ्याची जोडी त्याच झाडाच्या ढोलीत ये-जा करते, ती बघत बसतो. "काय वाजलं?" अजून विचारतो. पण काल मी सुतारपक्षी म्हटलं तर म्हणाला, "सुतार नाही, नीट ऐक." आणि नीट ऐकलं तर खरंच नव्हता.

डोळ्याच्या तपासणीला त्याला पावसाच्या तोंडावर यायचंच आहे. तेव्हा तो आणि आई दोघं तुझ्याकडे येतील, पाहुण्यासारखे. वहिनीला सांग, बाबाला वरच्या मजल्याची खिडकी लागेल. आई म्हणते, आठ दिवसांच्या वर शेळ्या माझ्याशिवाय राहणार नाहीत. दामिनीने हट्ट केला तर दहा.

दादा, तुला वाईट वाटेल. तू खोलीला रंग दिलास, कॉट आणलीस, हे मला वहिनीने सांगितलं. त्याच्यासाठी सगळ्यात आधी तू उभा राहिलास. दवाखान्यात रात्रंदिवस तूच होतास, आणि तिथे त्याने तुझा हात धरून 'मला इथून ने' म्हटलं होतं, तेही मला माहीत आहे. तो आता तुझं ऐकत नाही असं समजू नकोस. तुझ्याकडे यायला तो तयार झाला, कारण पळून जायला त्याला एक जागा होती. जागा नसती तर तो इथे कोंडून पडला असता. ती खोली तशीच ठेव. रंग उडू देऊ नकोस.

अक्षय तृतीयेला तू ये. नक्की ये, वहिनीला आणि दामिनीला घेऊन ये. पण ठरवलेली गाडी नको म्हणून कळव. बसने या. डांबरी रस्ता जिथे संपतो तिथून घरापर्यंत सागाच्या झाडीतून चालत यावं लागेल, सामान थोडंच आणा. बाबाला मी सांगितलं की तू येतोस. तो म्हणाला, मी हेमराजला घ्यायला निम्म्या वाटेपर्यंत जाईन. एकटा जाणार म्हणतो. आई आणि मी त्याच्यामागे जाणार नाही, असं आम्ही कबूल केलंय.

म्हणून तू बसमधून उतरलास की वेळ घालवू नकोस, आणि चालताना मोठ्याने बोलत ये, म्हणजे त्याला तू लांबूनच ऐकू येशील.

निम्मी वाट तुझी.

आशा